मेटल डिटेक्टर आणि मातीतली ओल: वाफसा साधून शोध कसा घ्यावा

पाऊस पडून गेला की डिटेक्टर खोलवर बघतो, असं या छंदातली माणसं छातीठोकपणे सांगतात. ओल्या जमिनीत मशीन नुसतं कोकलत बसतं, असं तितक्याच ठामपणे सांगणारेही भेटतात. दोघंही खरं बोलत असतात. फक्त एकाची जमीन मावळातली असते आणि दुसऱ्याची अकोल्याच्या खारपाणपट्ट्यातली. त्यात यूट्यूबवर दिसणारे बहुतेक व्हिडिओ इंग्लंड-अमेरिकेच्या कुरणांतले. तिथली माती आणि आपली बेसॉल्टपासून झालेली काळी माती किंवा जांभ्याची तांबडी माती यांना मशीन सारखं वागवत नाही, त्यामुळे तिथले आकडे इथे लावू नयेत.

हे लिहितोय ते हरवलेली वस्तू शोधणाऱ्यांसाठी: भातलावणीत बोटातून निसटलेली अंगठी, किनाऱ्यावर पडलेलं जोडवं, रोटाव्हेटरचं तुटलेलं पातं, मातीखाली गेलेला पाइपलाइनचा लोखंडी व्हॉल्व्ह. गुप्तधनाच्या मागे असाल तर आधी कायदा बघा. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं दडलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. १९७२च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी-वस्तू पुरावशेषांत मोडतात. गड, लेणी, संरक्षित स्मारकं यांच्या आवारात मशीन घेऊन जायचंच नाही. दुसऱ्याच्या शेतात मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही.

जमीन दोन प्रकारे ओरडते

आपल्याकडे मिळणारी बहुतेक यंत्रं व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रीक्वेन्सी) प्रकारची, म्हणजे साधारण ५ ते २० किलोहर्ट्झच्या आसपास चालणारी. दांड्याच्या टोकाच्या चकतीतली एक कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, चुंबकीय क्षेत्र सोडते, त्यामुळे धातूत भोवरे प्रवाह निर्माण होतात, त्यांचं उलटं क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. हे प्रत्युत्तर किती मोठं आहे आणि किती उशिरा येतं यावरून मशीन धातू ओळखतं. अडचण अशी की जमीनही उत्तर देते, आणि बऱ्याचदा वस्तूपेक्षा कितीतरी मोठ्याने.

जमिनीचा पहिला आवाज लोहखनिजांचा. बेसॉल्टमध्ये टायटॅनोमॅग्नेटाइट असतं, जांभ्यात लोहाची ऑक्साइडं असतात, त्यातलं मॅगहेमाइट हे मशीनला फार सतावणारं. हा आवाज चुंबकत्वाचा आहे आणि पाण्याने तो जवळपास बदलत नाही. पाणी स्वतः चुंबकाला दाद देत नाही. कोरड्या जांभ्यात जो त्रास असतो तोच भिजलेल्या जांभ्यातही असतो.

दुसरा आवाज वाहकतेचा, म्हणजे माती वीज किती वाहून नेते त्याचा. हा मात्र पूर्ण ओलीवर अवलंबून आहे. कोरड्या मातीत क्षार असले तरी ते नुसते पडून असतात. पाणी आलं की विरघळतात आणि जमीन स्वतःच एक पसरट, मिणमिणता धातू असल्यासारखी वागू लागते. काळ्या मातीत भर म्हणजे तिच्या चिकणकणांच्या पृष्ठभागावरचे आयनही ओल मिळाल्यावर वीज वाहतात. म्हणून क्षार कमी असले तरी भिजलेली काळी माती वाळूपेक्षा जास्त वाहक असते.

तेव्हा ओलीचा प्रश्न पडला की मी आधी एकच गोष्ट विचारतो: इथला त्रास लोहाचा आहे की क्षारांचा? लोहाचा असेल तर ओलीने बिघडणार काही नाही, उलट खणायला सोपं जाईल. क्षारांचा असेल तर पाऊस पडून गेल्यावरचे पहिले दिवस सोडून द्यावेत.

एक गैरसमज इथेच काढून टाकू. ओली माती लहरी ‘गिळून टाकते’ म्हणून खोली कमी होते, असं लोक समजतात. १० किलोहर्ट्झला चांगल्या भिजलेल्या चिकणमातीत क्षेत्र कमी होत जाऊन साधारण एक-तृतीयांश उरायला १५ मीटरच्या आसपास जावं लागतं. समुद्राच्या पाण्यातसुद्धा ते अंतर दोन-अडीच मीटर भरतं. आपण शोधतो वीतभर खोलीवर. तेवढ्यात गिळलं जाण्यासारखं काही नाही. खोली कमी होते ती जमिनीचा आवाज वस्तूच्या आवाजावर चढतो म्हणून. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायचा प्रयत्न करावा तसं. (जमिनीत रडार सोडणाऱ्या जीपीआर यंत्राचं मात्र वेगळं आहे. ते ओल्या काळ्या मातीत खरोखरच आंधळं होतं. दोन्ही यंत्रांबद्दलची माहिती एकत्र झाल्यानेच हा गैरसमज पसरला असावा.)

आधी माती हातात घ्या

मशीन चालू करण्याआधी खुरप्याने वीतभर खोल खड्डा करून तळाची मूठभर माती घ्या. वरची माती घेऊन उपयोग नाही. वळवाची सर पडली की वरचं बोटभर भिजतं आणि खाली खडखडीत असतं. असं वर ओलं आणि खाली कोरडं असताना मशीनचा ताळमेळ नीट बसत नाही.

मूठ आवळा. लाडू वळला जात नाही, माती बोटांतून सुटते, म्हणजे कोरडी. लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून टाकला की फुटला, हाताला चिकटली नाही, तर वाफसा. लाडू फुटतच नाही, हात बरबटतो, दाबल्यावर पाणी सुटतं, तर चिखल. पेरणीसाठी शेतकरी ज्या वाफशाची वाट बघतो तोच डिटेक्टरसाठीही सगळ्यात चांगला काळ. जादा पाणी निथळून गेलेलं असतं, ओल सगळीकडे सारखी पसरलेली असते, ढेकळं मऊ झालेली असतात, भेगा मिटलेल्या असतात. हलक्या मुरमाड जमिनीला वाफसा एक-दोन दिवसांत येतो, भारी काळीला उघडीप मिळूनही बरेच दिवस लागतात.

काळ्या जमिनीत वाफशाचा खरा फायदा भेगा मिटण्याचा आहे, आणि याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. उन्हाळ्यात काळी माती आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कॉइल भेगेवरून गेली की जमिनीचा आवाज एकदम कमी होतो आणि पलीकडच्या काठावर पुन्हा वाढतो. तो वाढीचा झटका मशीनला लहान धातूसारखा वाटतो. त्यात नांगरटीच्या ढेकळांवरून कॉइल उसळत राहते. पाऊस पडल्यावर त्याच शेतात मशीन शांत झालं की लोक म्हणतात, ओलीने खोली वाढली. वाढली ती जमिनीची एकसंधता.

याला एक उलटी बाजूही आहे. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असं म्हणतात, कारण वरची माती भेगांत पडते आणि पावसात जमीन फुगून भेगा बंद होतात. एप्रिल-मेमध्ये भेगाळलेल्या शेतात अंगठी पडली असेल तर ती वीतभर नव्हे, हातभर खाली गेलेली असू शकते. अशा वेळी पावसाची वाट बघू नका. भेगा उघड्या असतानाच बॅटरी मारून आत बघा आणि मशीन भेगेच्या काठाकाठाने फिरवा. हात मात्र भेगेत घालू नका, विंचू-सापांचं ते घर असतं.

क्षार किती आहेत ते कसं कळणार

यासाठी वेगळं उपकरण लागत नाही. शेतकऱ्याकडे माती परीक्षणाचा अहवाल किंवा मृदा आरोग्य पत्रिका असेल तर त्यात विद्युत वाहकता, म्हणजे ईसी, डेसीसायमन प्रति मीटरमध्ये छापलेली असते. १ च्या आत असेल तर पिकाच्या दृष्टीने ती सर्वसाधारण धरतात, आणि मशीनच्या दृष्टीनेही ओलीची फार काळजी करायचं कारण नाही. त्याच्या वर गेली की ओली जमीन मशीनला बोलकी वाटू लागते.

अहवाल नसेल तर डोळ्यांनी बघा. उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर पांढरा थर धरतो का? सांगली-कोल्हापूरकडे उसाला वर्षानुवर्षं भरमसाट पाणी देऊन क्षारपड झालेल्या जमिनी अशा दिसतात. पूर्णा खोऱ्यातल्या अमरावती-अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीच खारं.

ठिबकच्या शेतात आणखी एक गंमत असते. ड्रिपरखाली ओलीचा गोल तयार होतो आणि क्षार त्या गोलाच्या कडेला ढकलले जातात. म्हणजे दर हात-दोन हातांवर ओल आणि क्षार दोन्ही बदलतात. नळीला आडवं चालत गेलात तर मशीन दर पावलाला वेगळा सूर लावतं. नळीला समांतर, आधी दोन ओळींमधल्या कोरड्या पट्ट्यात आणि मग वेगळा ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा आवाज वजा करण्यासाठी मशीन जुळवणं) करून ओल्या पट्ट्यात, असं दोन फेऱ्यांत काम करा. नुकतंच खत दिलंय का, हेही विचारा. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, शुद्ध मीठच ते. खत टाकून पाणी दिलेल्या शेतात त्याच आठवड्यात शोध घेणं टाळलेलं बरं.

लोह की क्षार: उंचीची चाचणी

सुरुंग शोधणारी पथकं जमीन किती त्रासदायक आहे हे मोजायला एक साधी कल्पना वापरतात: ठरावीक संवेदनशीलता लावलेलं यंत्र वरून खाली आणायचं आणि जमीन कुठल्या उंचीवर ‘बोलू’ लागते ते बघायचं. आपण तिची घरगुती आवृत्ती करू.

मशीनचा ग्राउंड बॅलन्स कंपनीने दिलेल्या मूळ आकड्यावर ठेवा, सेन्सिटिव्हिटी मधोमध. ज्या जागी धातू नाही याची खात्री आहे अशी जागा निवडा. कॉइल कमरेएवढी वर धरून पिनपॉइंटचं (वस्तूची नेमकी जागा दाखवणारं) बटण दाबून ठेवा आणि कॉइल सरळ खाली आणा. आवाज सुरू झाला ती उंची वितीने मोजून लिहा. मग तिथेच दोन बादल्या गोडं पाणी ओता, तासभर मुरू द्या आणि तीच चाचणी त्याच सेटिंगवर पुन्हा करा.

उंची जवळपास तीच राहिली तर त्रास लोहाचा. पाणी ओतल्यावर जमीन जास्त उंचीवरून बोलायला लागली तर क्षारांचा किंवा भारी चिकणमातीचा. दोन्ही वेळा कॉइल जमिनीला टेकेपर्यंत शांतता असेल तर तुमचं नशीब चांगलं, पोयटा किंवा नदीकाठची स्वच्छ वाळू मिळाली.

चुंबकाची चाचणीही उपयोगी आहे, पण ती कोरड्या, चुरलेल्या मातीतच करा. पिशवीत चुंबक घालून मातीतून फिरवला की काळे कण पिशवीला दाढीसारखे चिकटतात. ओल्या मातीत कण एकमेकांना धरून ठेवतात, चुंबक कोराच निघतो आणि जमीन निर्दोष वाटते.

ग्राउंड बॅलन्स: ओल बदलली की पुन्हा

सकाळी दवात एकदा, ऊन चढल्यावर एकदा, बांध ओलांडून ओलिताच्या रानातून कोरडवाहूत गेलात की पुन्हा. एवढ्या वेळा तरी ग्राउंड बॅलन्स करायचा. धातू नसलेल्या जागी कॉइल जमिनीपासून दोन-तीन बोटांवरून गुडघ्यापर्यंत सावकाश वर-खाली हलवा आणि आवाज दोन्ही दिशांना सारखा, किंवा नाहीसा, होईपर्यंत आकडा जुळवा.

तो आकडाच पुष्कळ काही सांगतो. बऱ्याच कंपन्यांच्या यंत्रांत ० ते ९९ची पट्टी असते. वरच्या टोकाचे आकडे मॅग्नेटाइटसारख्या खनिजांचे, खालच्या टोकाचे खाऱ्या ओलीचे. काळ्या मातीत आकडा वर असायला हवा. त्याच रानात पाणी दिल्यावर तो खाली घसरू लागला तर क्षार जागे झाले, असं समजा. आकडा दर पावलाला वर-खाली होत असेल तर ओल असमान आहे, दोन दिवस थांबा. वहीत तारीख, शेत, ओल आणि हा आकडा लिहायची सवय लावा.

‘ट्रॅकिंग’ म्हणजे मशीनने आपणहून बॅलन्स करत राहण्याची सोय असमान ओलीत कामाला येते. पण एकाच जागी कॉइल पुन्हा पुन्हा फिरवली तर हे ट्रॅकिंग खुद्द वस्तूलाच जमीन समजून गप्प करू शकतं. सिग्नल मिळाला की ते बंद करून तपासा.

सेन्सिटिव्हिटी वाढवून काय मिळतं

फार थोडं. लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने कमी होतो. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टाव्या भागावर येतो. याचाच दुसरा अर्थ असा की मशीनची ताकद दुप्पट केली तरी खोली वाढते जेमतेम १२ टक्के, म्हणजे पंधरा सेंटिमीटरची सतरा. आणि जमिनीचा आवाज मात्र दुप्पट होतो. म्हणून ओल्या, बोलक्या जमिनीत सेन्सिटिव्हिटी कमी करा, मशीन शांत होईपर्यंत. गेलेले दोन सेंटिमीटर कॉइल जमिनीच्या अधिक जवळ धरून परत मिळतात.

कॉइलचंही तसंच. मोठी कॉइल खोल बघते हे खरं, पण ती जमीनही जास्त बघते. लोहखनिजाच्या जमिनीत लहान डीडी कॉइल (जिच्यात दोन वेटोळी इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची असतात) बहुतेक वेळा सरस ठरते. मोठी कॉइल वाळू, पोयटा अशा शांत जमिनीसाठी ठेवा.

फ्रीक्वेन्सी निवडायची सोय असेल तर इथे खरी ओढाताण होते. बारीक सोनं, पातळ अंगठी यांना जास्त फ्रीक्वेन्सी मानवते, पण खारी ओलही जास्त फ्रीक्वेन्सीलाच जोरात उत्तर देते. शिवाय खाऱ्या ओलीचा सिग्नल टार्गेट आयडीच्या, म्हणजे धातू ओळखायच्या आकड्यांच्या, पट्टीवर जिथे पडतो, तिथेच गुटख्याच्या पुडीची चंदेरी पन्नी आणि नाजूक सोनं पडतं. डिस्क्रिमिनेशनने, म्हणजे नको ते सिग्नल गप्प करायच्या सोयीने, तो पट्टा कापला की मशीन छान शांत होतं आणि ज्यासाठी आलात ती अंगठीही त्यासोबत जाते. सोन्यासाठी हा पट्टा कापायचा नाही, त्यापेक्षा माती सुकेपर्यंत थांबायचं, असं माझं मत. चांदीची जोडवी, पैंजण, तांब्या-पितळेच्या वस्तू पट्टीच्या वरच्या भागात येतात, त्यांच्यासाठी कमी फ्रीक्वेन्सी आणि डिस्क्रिमिनेशन दोन्ही चालतं.

मंगळसूत्राबद्दल वेगळं सांगायला हवं. सर बारीक कड्यांची असल्याने मशीनला ती अखंड वस्तू वाटत नाही, एकेक चिमुकली कडी वाटते, आणि काळे मणी तर काचेचे. सिग्नल येतो तो वाट्यांचा. मंगळसूत्र शोधताना वाट्यांच्या आकाराचा, कमकुवत, मधल्या पट्टीतला सिग्नल अपेक्षित धरा आणि कॉइल शक्य तितकी खाली ठेवा.

जांभा, राब आणि भातखाचर

कोकणात चार महिने पाणी ओतल्यासारखं कोसळतं, क्षार केव्हाच धुऊन गेलेले असतात. त्यामुळे तांबडी माती चिंब असली तरी वाहकतेचा त्रास कमी असतो. त्रास असतो लोहाचा, आणि तो बारा महिने सारखा. इथे ओलीच्या मुहूर्तापेक्षा ग्राउंड बॅलन्स, लहान कॉइल आणि कमी सेन्सिटिव्हिटी यांनाच महत्त्व आहे.

एक जागा मात्र खास ओळखून ठेवा: राब भाजलेली. रोप टाकण्याआधी पालापाचोळा, कवळं, शेण पसरून जमीन भाजतात. सेंद्रिय पदार्थांसोबत माती तापली की तिच्यातल्या साध्या लोह-ऑक्साइडांचं चुंबकीय ऑक्साइडांत रूपांतर होतं. वर्षानुवर्षं राब केलेला तुकडा शेजारच्या खाचरापेक्षा मशीनला कितीतरी ‘गरम’ लागतो. चुलीची जागा, वीटभट्टी, होळीची जागा यांचंही तेच. अशा तुकड्याच्या कडेवर मशीन ओरडलं तर खणण्याआधी कॉइल दुसऱ्या दिशेने फिरवून बघा. धातूचा सिग्नल एका बिंदूवर राहतो, भाजलेल्या मातीचा कडेकडेने धावतो. उलट, जिथे वर्षभर पाणी साचून राहतं अशा दलदलीत लोहाची ऑक्साइडं विरघळत जातात आणि जमीन शांत होत जाते.

खाजण आणि किनारा

कोकण-गोव्याच्या खाजणांत पावसाचं पाणीच मीठ धुतं, म्हणून तिथे खरिपाचं भात येतं. उन्हाळ्यात खालचं मीठ पुन्हा वर चढतं. खाजणात काही शोधायचं असेल तर पावसाळा सरता सरता जा. एप्रिलची जमीन कोरडी भासली तरी दोन बोटं खाली खारी ओल असते.

किनाऱ्यावर तीन पट्टे असतात. वरची कोरडी वाळू सोपी. लाटांच्या आतलं पाणीही, तुलनेने, एकसारखं. खरा डोकेदुखीचा पट्टा मधला, जिथे वाळू अर्धी ओली, अर्धी निथळलेली असते. समुद्राचं पाणी नदीच्या गोड्या पाण्यापेक्षा साधारण शंभरपट वाहक, आणि इथे प्रत्येक फुटावर त्याचं प्रमाण बदलतं. म्हणून पाण्याच्या रेषेला समांतर चाला. एका फेरीत ओल सारखी राहते, ग्राउंड बॅलन्स टिकतो. पुढची फेरी दोन पावलं खाली, पुन्हा बॅलन्स करून. कॉइल एकाच उंचीवर, सावकाश. वर-खाली झाली की खारी वाळू लगेच बोलते.

रत्नागिरीच्या आसपासच्या काही किनाऱ्यांवर इल्मेनाइटच्या काळ्या वाळूचे पट्टे आहेत. तिथे लोह आणि मीठ एकाच वेळी समोर येतात. एका फ्रीक्वेन्सीचं मशीन दोहोंपैकी एकालाच जुळवून घेऊ शकतं, दुसरं बोंबलत राहतं. एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सींवर चालणारं मशीन किंवा पल्स इंडक्शन (क्षणिक झटका सोडून, थांबून मग ऐकणारं मशीन) हीच तिथली औषधं. पल्स इंडक्शनमध्ये ऐकण्याआधीचा थांबा थोडा वाढवला की मिठाचा सिग्नल विरून जातो. मात्र अगदी पातळ सोन्याचाही सिग्नल तितक्याच लवकर विरतो, म्हणून थांबा गरजेपुरताच वाढवा. हे मशीन लोखंड-सोनं असा भेद जवळपास करत नाही, तेव्हा बाटल्यांची बुचं पुष्कळ खणावी लागतील.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीही जास्त मागे जाते आणि एरवी पाण्याखाली असलेला पट्टा उघडा पडतो. भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत तो मिळत नाही. घरी आल्यावर कॉइल आणि दांडा गोड्या पाण्याने धुवा.

परसातला चाचणी वाफा

ओलीचा परिणाम आपल्या मशीनवर, आपल्या मातीत किती होतो हे बघायला घराजवळ एक वाफा राखून ठेवा. मशीनने आधी तो साफ करून घ्या. मग दोन-दोन फुटांवर पुरा: दहा रुपयांचं नाणं, चांदीचं जोडवं, पितळेची किंवा स्वस्त धातूची अंगठी, गुटख्याची दुमडलेली पुडी, बुच, खिळा. खोली १०, १५ आणि २० सेंटिमीटर. एक-दोन रुपयांची आताची नाणी घेऊ नका. ती फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, चुंबकाला चिकटणारी, त्यामुळे मशीन त्यांना लोखंडात काढतं.

नुकत्याच पुरलेल्या वस्तूभोवतीची माती भुसभुशीत असते आणि खरा नमुना दाखवत नाही. एक पावसाळा जाऊ द्या. मग मेमधल्या कोरड्या मातीत, मुसळधार पावसानंतरच्या चिखलात आणि वाफशात त्याच सेटिंगवर वाफा तपासा. जोडव्याचा आकडा किती हलतो, पुडी आणि अंगठी कधी एकमेकांत मिसळतात, हे कानाला कळायला लागेल. खिळ्याकडेही लक्ष ठेवा. ओलीत गंजून त्याचा गंज आजूबाजूच्या मातीत पसरतो आणि दरवर्षी तो सिग्नल अधिक पसरट होतो. सोन्याला गंज नाही, म्हणून जुनी सोन्याची वस्तू ओलीमुळे ‘मोठी’ दिसू लागेल अशी आशा ठेवू नये.

ओलीतल्या बारीक कटकटी

मशीन ओल्या गवतात उगाच टकटक करत असेल तर जमिनीला दोष देण्याआधी कॉइलचं संरक्षक झाकण काढून बघा. आत चिखल शिरलेला असतो, आणि काळा लोहयुक्त चिखल कॉइलला चिकटून हलला की प्रत्येक झोक्याला सिग्नल देतो. हातातला पिनपॉइंटर खाऱ्या ओलीत खड्ड्यात घातल्या घातल्या वाजू लागतो. तो मातीला टेकवून तिथेच बंद-चालू केला की बहुतेक मॉडेल त्या मातीला शून्य मानतात. कॉइल जलरोधक असली तरी वरचा डबा तसा असेलच असं नाही, माहितीपुस्तिका बघा. वळवाचे ढग गडगडू लागले की मोकळ्या रानात धातूचा दांडा घेऊन उभं राहू नका.

खणण्यासाठीही वाफसाच बरा. माती तीन बाजूंनी कापून झाकणासारखी उलटता येते, वस्तू बघून पुन्हा बसवली की मुळं जगतात. चिखलात खड्ड्याच्या भिंती ढासळतात आणि सापडत आलेली अंगठी पुन्हा चिखलात मिसळते. खड्डा बुजवूनच पुढे जायचं, हे सांगायला नको.

लावणीत पडलेली अंगठी

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा. चिखलणी केलेल्या खाचरात अंगठी पडली, मशीन आणू का? ताबडतोब आणून फारसा उपयोग नाही, आणि त्याचं कारण पाणी नव्हे. पाणी गोडं, क्षार धुतलेले, सिग्नल येईल. अडचण अशी की रोपांमुळे कॉइल जमिनीजवळ जात नाही, वीतभर वर धरावी लागते आणि सहाव्या घाताचं गणित तिथेच अंगठी गमावतं. मशीनशिवाय, हाताने चिखल चाळणं मात्र त्याच दिवशी करून घ्यावं.

नाही सापडली तर बांधावर समोरासमोर दोन खुंट्या ठोका आणि अंगठी हरवलेल्या बाई कुठल्या ओळीत होत्या ते आठवतंय तोवर लिहून ठेवा. चिखलात बुडालेली अंगठी सहसा नांगराच्या तळाच्या घट्ट थराखाली जात नाही, ती वरच्या वीतभरातच राहते. भात कापून झाल्यावर, खाचरात ओल असते पण पाय रुतत नाही तेव्हा, म्हणजे वाल-पावट्यासाठी जमीन धरण्याआधीचे ते थोडे दिवस, शोध घ्या. मालकाला आधीच सांगून ठेवा की त्या दोन खुंट्यांमधला तुकडा नांगराविना राहू दे. कापणीनंतरची धसकटं पायाने दाबून आडवी करा, कॉइल जमिनीला जवळजवळ घासत न्या, आधी उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम. मधल्या पट्टीतला प्रत्येक सिग्नल खणा, पुडी निघाली तरी.